चोवीस कोटी फेऱ्या आणि एक रबरी पट्टा

जुन्या डिझेल इनोव्हाच्या मीटरमध्ये 'टी-बेल्ट' असं लिहिलेला एक छोटा दिवा असतो. वर्षानुवर्षं तो गप्प असतो आणि एक दिवस अचानक पेटून राहतो. गाडीत मात्र काहीच बदललेलं नसतं. आवाज तोच, ॲव्हरेज तेवढंच, धूरही नाही. त्र्यंबकेश्वर, वणी, शिर्डी अशा फेऱ्या मारणारा चालक बॉनेट उघडतो, ऑइलची कांडी पाहतो, कुलंट पाहतो आणि 'वायरिंगचं काहीतरी असेल' म्हणत पुन्हा गाडीत बसतो.

वायरिंगचा काही दोष नसतो. पण त्या दिव्याला पट्ट्याची प्रकृतीही ठाऊक नसते. पट्ट्यापाशी कोणताही सेन्सर बसवलेला नाही. पट्टा झिजलाय का, त्याला तडे गेलेत का, हे तो दिवा पाहत नाही, फक्त किलोमीटर मोजतो. ठरलेला आकडा आला की लागतो. गाडीतल्या शेकडो भागांपैकी नेमक्या याच भागासाठी कंपनीला स्वतंत्र दिवा का द्यावासा वाटला, याचं उत्तर इंजिनाच्या पुढच्या बाजूला, एका काळ्या प्लॅस्टिकच्या झाकणामागे आहे.

अर्ध्या वेगाचं गणित

इंजिनात दोन कामं एकाच वेळी चालू असतात. खाली पिस्टन वरखाली होतात आणि क्रँकशाफ्टला फिरवतात. वर, हेडमध्ये, व्हॉल्व्ह उघडमीट करतात. काही व्हॉल्व्ह हवा आत घेतात, काही धूर बाहेर सोडतात. हे व्हॉल्व्ह दाबून उघडण्याचं काम कॅमशाफ्ट करतो. पिस्टनचा खालच्या मजल्यावरचा आणि व्हॉल्व्हचा वरच्या मजल्यावरचा हिशेब जुळवून ठेवण्याचं काम टायमिंग बेल्टचं.

हिशेब सोपा आहे, पण त्यात सवलत नाही. चार स्ट्रोकच्या इंजिनात हवा घेणं, दाबणं, जळणं आणि धूर सोडणं या चार पायऱ्यांना क्रँकचे दोन फेरे लागतात. तेवढ्यात प्रत्येक व्हॉल्व्ह एकदाच उघडायचा असतो. म्हणून क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा नेमका एक व्हावा लागतो. जवळपास एक नव्हे, बरोबर एक. शंभर फेऱ्यांत एका अंशाचा फरक पडत गेला, तर काही मिनिटांतच सगळं टायमिंग उलटंपालटं होईल. साधा सपाट पट्टा पुलीवर थोडा तरी घसरतोच, म्हणून तो इथे चालत नाही. दात हवेतच.

आता आकडे मांडून पाहू. २००५ साली क्वालिसच्या जागी आलेल्या इनोव्हाचं डिझेल इंजिन २,४९४ सीसीचं, चार सिलिंडर आणि सोळा व्हॉल्व्हचं. मिनिटाला २,४०० फेऱ्यांवर क्रँक सेकंदाला ४० वेळा फिरतो, कॅम २० वेळा. सोळा व्हॉल्व्ह, प्रत्येकी २० वेळा, म्हणजे एका सेकंदात ३२० उघडझापा. 'नाशिक' हा शब्द उच्चारेपर्यंत दीड-दोनशे होऊनही गेल्या.

गाडी सरासरी ताशी ५० किलोमीटरनं एक लाख किलोमीटर चालली असं धरा. ते होतात दोन हजार तास. इंजिनाची सरासरी मिनिटाला २,००० फेऱ्यांची धरली, तर क्रँकचे एकूण फेरे २४ कोटी. कॅमचे बरोबर १२ कोटी. प्रत्येक व्हॉल्व्ह १२ कोटी वेळा उघडला आणि मिटला. मिनिटाला ७० ठोके देणाऱ्या माणसाच्या हृदयाला एवढ्या ठोक्यांसाठी सव्वातीन वर्षांहून जास्त लागतात. हा व्हॉल्व्ह ते काम अखंड मोजलं तर ८३ दिवसांत उरकतो. या सगळ्या काळात वरच्या-खालच्या मजल्यांतला हिशेब एका दाताइतकाही चुकत नाही.

आणि हा हिशेब सांभाळतो तो लोखंडाचा भाग नाही. तो रबराचा आहे.

रबर, काच आणि कापड

नुसत्या रबराला हे काम झेपलं नसतं. रबर ताणलं जातं, आणि पट्टा दोन-तीन मिलिमीटरनं जरी लांबला तरी वरचं-खालचं टायमिंग बिघडणार. म्हणून पट्ट्याच्या पोटात दोऱ्या असतात आणि त्या बहुतेक वेळा काचेच्या असतात. केसापेक्षा कितीतरी बारीक काचतंतू पिळून, त्यांना रबराचा लेप देऊन त्या बनवतात आणि पट्ट्याच्या लांबीभर गुंडाळतात. ओढ सहन करायची, पण लांबायचं नाही, हे काम काचेचं. हातातून पडली की फुटणारी वस्तू म्हणून आपण जिला ओळखतो, तीच इथे ताण झेलते.

काचेभोवतीचं रबरही साधं नाही. पूर्वी या पट्ट्यांत निओप्रीन वापरत. इंजिनं जास्त तापू लागली, बॉनेटखाली हवा खेळायला जागा उरली नाही, तेव्हा निओप्रीन कडक होऊन तडकू लागलं. मग एचएनबीआर नावाचं, उष्णता आणि तेलाचा मारा अधिक सोसणारं रबर आलं. दातांवर नायलॉनच्या कापडाचा थर असतो. पुलीला रोज घासतं ते हे कापड, रबर नव्हे. दातांचा आकारही बदलत आला. सुरुवातीच्या पट्ट्यांचे दात चौकटीसारखे, उतरत्या बाजूंचे होते. त्यांच्या कोपऱ्यांत ताण साचे आणि दात मुळापासून उखडत. १९७० च्या दशकात गोलसर दात आले आणि ताण सगळ्या दातावर पसरू लागला.

हाताळण्याचे नियम या घडणीतूनच निघतात. नवीन पट्टा दुमडायचा नाही, उलटा करायचा नाही, खिशात कोंबायचा नाही. वरून रबर धड दिसतं, पण आतले काचतंतू मोडलेले असतात, आणि तो पट्टा दुकानातून गॅरेजमध्ये येईपर्यंतच निम्मा संपलेला असतो. त्याला तेल लागू द्यायचं नाही, कुलंट लागू द्यायचं नाही. आणि गाडी उभी असली तरी रबराचं वय वाढतच राहतं. म्हणूनच माहितीपुस्तिकेत किलोमीटरबरोबर वर्षंही लिहिलेली असतात. दोन्हींपैकी जे आधी येईल ते.

शिवणयंत्रापासून इनोव्हापर्यंत

दातेरी पट्ट्याचा जन्म मोटारीसाठी झाला नाही. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या गिलमर कंपनीनं तो शिवणयंत्रांसाठी घडवला. सुई वरून येते आणि खालचा हूक तिचा दोरा पकडतो. दोघांची वेळ चुकली तर टाका पडत नाही. व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा प्रश्न हाच आहे, फक्त तिथे चुकीची शिक्षा जबर.

मोटारीत हा पट्टा आधी शर्यतीच्या गाडीत दिसला. १९५४ मध्ये बिल डेव्हिन यांनी अमेरिकेत बांधलेल्या एका पॅनहार्ड रेसिंग गाडीत. मोठ्या संख्येनं विकल्या गेलेल्या मोटारीत तो पहिल्यांदा घातला १९६२ साली, ग्लास १००४ या जर्मन गाडीत. ग्लास ही बव्हेरियातल्या डिंगोल्फिंग गावची कंपनी. मुळात पेरणीची यंत्रं आणि शेतीची अवजारं बनवणारी. चार वर्षांनी बीएमडब्ल्यूनं ती विकत घेतली, पण तिची कल्पना तोवर जगभर पसरू लागली होती. १९६६ मध्ये अमेरिकेत पाँटिॲकनं आणि इटलीत फियाटनं पट्ट्याची इंजिनं आणली. साखळीपेक्षा पट्टा हलका, स्वस्त, कमी आवाज करणारा, आणि त्याला तेलात भिजत राहावं लागत नाही. बदल्यात तो एकच गोष्ट मागतो, वेळेवर निवृत्ती.

इनोव्हाच्या डिझेल इंजिनात टोयोटानं दोन्ही पद्धती एकत्र केल्या. खाली क्रँकपासून ऑइल पंप, डिझेल पंप आणि व्हॅक्यूम पंप फिरवायला लोखंडी दात्यांची चाकं. त्यांच्यावरून वर कॅमपर्यंत जायला आखूड पट्टा. त्या पट्ट्यानं एक कॅम फिरतो आणि त्या कॅमला दात्यांनी जोडलेला दुसरा. म्हणजे वजनदार कामं लोखंडाकडे आणि उंचीवरचं काम पट्ट्याकडे. याच इनोव्हाच्या पेट्रोल आवृत्तीत साखळी आहे, आणि २०१६ च्या इनोव्हा क्रिस्टाच्या डिझेलमध्येही साखळीच आली. त्यामुळे 'इनोव्हा आहे, बेल्ट बदलायचा का?' या प्रश्नाला आधी उलट विचारावं लागतं: कुठली इनोव्हा?

तुटतो तेव्हा नेमकं काय होतं

डिझेल इंजिन ठिणगीवर चालत नाही. हवा इतकी दाबायची की ती तापून डिझेल आपोआप पेटावं. त्यासाठी हवा तिच्या मूळ जागेच्या सुमारे अठराव्या भागात कोंबावी लागते. याचा अर्थ, पिस्टन वर येतो तेव्हा त्याच्या माथ्यात आणि हेडमध्ये जेमतेम मिलिमीटरभर फट उरते. पूर्ण उघडलेला व्हॉल्व्ह मात्र आठ-नऊ मिलिमीटर खाली लोंबतो. दोघांना एकाच जागेत, एकाच वेळी राहणं शक्य नाही. ते कधीच भेटत नाहीत याचं कारण एकच, पट्टा त्यांच्या वेळा वेगळ्या ठेवतो.

पट्टा तुटला की कॅम तिथल्या तिथे थांबतो. काही व्हॉल्व्ह मिटलेले, काही उघडेच. क्रँक मात्र थांबत नाही. फ्लायव्हीलचा जोर आहे, शिवाय गाडी गिअरमध्ये असेल तर चाकंच त्याला फिरवत राहतात. २,४०० फेऱ्यांच्या वेगात पिस्टन खालून वर यायला सेकंदाचा ऐंशीवा भाग घेतो. ब्रेककडे पाय वळण्याआधीच उघडे व्हॉल्व्ह वाकलेले असतात.

कसारा घाट उतरताना चालक खालच्या गिअरमध्ये गाडी ठेवतात, इंजिनाचा ब्रेक म्हणून. ते बरोबरच आहे. पण पट्टा नेमका त्या उतारावर तुटला, तर पंधरा-वीस क्विंटलची गाडी इंजिनाला पुढे फिरवत राहते आणि नुकसान वाढतच जातं. स्टिअरिंग जड होतं, ब्रेकला जास्त जोर लावावा लागतो. अशा वेळी क्लच दाबायचा, ब्रेक घट्ट धरून गाडी कडेला घ्यायची आणि मग सर्वांत महत्त्वाचं: किल्ली पुन्हा फिरवायची नाही. 'चार जण उतरा, धक्का मारा' ही आपली जुनी सवय इथे महागात पडते. धक्का म्हणजे उरलेल्या व्हॉल्व्हवर पिस्टनचा आणखी एक हल्ला.

पुढचं काम कोणताही मिस्त्री एका वाक्यात सांगेल: हेड उतरवावं लागेल. वाकलेले व्हॉल्व्ह, गाइड, कधी पिस्टनवर पडलेले खड्डे, हेड लेथवाल्याकडे, नवीन गॅस्केट. पट्ट्याच्या किटच्या कितीतरी पट खर्च, आणि त्यात सहलीचं भाडं गेलं ते वेगळंच.

झाकण उघडल्यावर

पट्टा बदलण्याच्या कामात ताकद कमी आणि शिस्त जास्त. बॅटरीची वायर काढायची, वाटेतला पंखा, त्याचं आवरण आणि फॅन बेल्ट बाजूला करायचे, मग टायमिंगचं झाकण. क्रँकच्या बोल्टला गोटी लावून इंजिन हातानं, फक्त त्याच्या नेहमीच्या दिशेनं फिरवायचं. पुलीवरच्या खुणा इंजिनावरच्या खुणांसमोर आल्या की थांबायचं. बाहेरून न दिसणारा हिशेब त्या एका क्षणी डोळ्यांना दिसतो. क्रँक इथे, कॅम तिथे, दोघं एकमेकांची वेळ दाखवत उभे.

मग टेन्शनर. पट्टा ढिला असेल तर दात उडी मारतो, जास्त ताणला तर बेअरिंग जळतं. शिवाय इंजिन तापलं की धातू फुगतो, पट्ट्याची वाट किंचित लांब होते. म्हणून ताण सतत सांभाळणारा टेन्शनर लागतो. इनोव्हात तो तेलाच्या दाबावर चालतो. त्याची दांडी शिकंज्यात हळूहळू आत दाबतात, भोकात बारीक पिन घालून अडकवतात, पट्टा बसवतात आणि शेवटी पिन ओढतात. पिन निघाली की दांडी बाहेर येऊन पट्टा आपोआप तणावात येतो. घाईनं, हातोडीनं दाबलेला टेन्शनर आतून फुटतो आणि ते बाहेरून कळत नाही.

एका दाताची चूक किती मोठी? कॅमच्या पुलीला ४० दात आहेत असं समजा. मग एक दात म्हणजे कॅमचे ९ अंश, क्रँकचे १८. २,४०० फेऱ्यांवर ही चूक सव्वा मिलिसेकंदाची. एवढ्यानंही इंजिन धूर टाकतं, चढाला दम तोडतं. दोन-तीन दात चुकले की व्हॉल्व्हला पिस्टन भेटलाच. म्हणून कामाचा शेवटचा टप्पा कधीच वगळायचा नसतो: क्रँक हातानं पूर्ण दोन फेरे फिरवायचा आणि खुणा पुन्हा जुळतात का ते पाहायचं. दोनच फेरे, कारण दोन फेऱ्यांनीच एक आवर्तन पूर्ण होतं. मध्येच काही अडलं तर जोर लावायचा नाही, अडलेली गोष्ट बहुधा व्हॉल्व्ह असते. सगळं जमल्यावर मीटरमधला दिवा रीसेट करायचा, म्हणजे पुढची मोजणी शून्यापासून सुरू होते.

पट्ट्याचे शेजारी

नाशिककरांना या कामाचा दुसरा नमुना घराशेजारीच मिळतो. २००७ मध्ये महिंद्रा आणि रेनो यांनी मिळून नाशिकच्या कारखान्यात लोगान ही गाडी बनवायला सुरुवात केली. भागीदारी सुटल्यावर २०११ मध्ये तिला व्हेरिटो हे नाव मिळालं. तिचं दीड लिटरचं डिझेल इंजिन रेनोच्या के९के घराण्यातलं. त्याच घराण्याचं इंजिन पुढे निसानच्या इव्हालिया आणि रेनोच्या लॉजी या सात-आठ जणांच्या गाड्यांत आलं. या दोन्ही आता जुन्या बाजारात मिळतात.

या इंजिनात पट्ट्याच्या वाटेवर शेजारी जास्त आहेत. तो कॅम फिरवतोच, शिवाय डिझेलचा हाय प्रेशर पंप आणि वॉटर पंपही फिरवतो. त्यातला कोणताही बिघडला की शिक्षा पट्ट्याला. वॉटर पंपाचं सील गळू लागलं तर कुलंट थेट पट्ट्यावर. पंपाचं किंवा पट्ट्याला वाट दाखवणाऱ्या आयडलर पुलीचं बेअरिंग अडकलं तर नवाकोरा पट्टाही थांबलेल्या पुलीवर घासून जळतो. कॅम किंवा क्रँकचं ऑइल सील पाझरलं तर तेलानं रबर फुगतं.

म्हणून पट्टा एकटा बदलू नये. किट घ्यावी: पट्टा, टेन्शनर, आयडलर. के९केसारख्या इंजिनात वॉटर पंपही त्याच वेळी. समोर दिसणारी ऑइल सील पाहून घ्यावीत, ओलसर असतील तर बदलावीत. इनोव्हात वॉटर पंप बाहेरच्या फॅन बेल्टवर चालतो, त्यामुळे तो नंतर स्वतंत्र बदलता येतो. तरी झाकण उघडलंच आहे तर त्याची गळती आणि आवाज तपासायला हरकत नाही. हिशेब मजुरीचा आहे. एवढं सगळं खोलायला अर्धा दिवस लागतो, तो एका सीलसाठी पुन्हा का घालवायचा?

आणि झाकण परत बसवताना त्याचा प्रत्येक बोल्ट लावून घ्यावा. घाईत राहून गेलेल्या बोल्टच्या फटीतून रस्त्याची माती आत जाते. दात आणि पुलीच्या मध्ये अडकलेला एक खडा पुरतो.

विकत घेताना, सांभाळताना

गाडीतले बाकीचे भाग बिघडण्याआधी कुरकुरतात. ब्रेक किरकिरतो, क्लच घसरतो, बॅटरी सकाळी आळस करते. टायमिंग बेल्ट बहुतेक वेळा काहीच सांगत नाही. शेवटच्या दिवशीही तो पहिल्या दिवसासारखाच अचूक चालतो आणि मग एका क्षणात संपतो. म्हणून तो खराब झाला म्हणून बदलायचा नसतो, चांगला असतानाच बदलायचा असतो. बॉनेटखालच्या फार थोड्या भागांना हा नियम लागू पडतो आणि नेमका हाच नियम लोकांच्या पचनी पडत नाही. चालणारी वस्तू काढून फेकायची हे आपल्या काटकसरीला पटत नाही, पण इथे तीच खरी काटकसर आहे.

त्यातून जुनी गाडी घेणाऱ्यासाठी तीन गोष्टी. पहिली, तुमच्या गाडीत पट्टा आहे की साखळी, हे इंजिनाच्या प्रकारावरून आणि माहितीपुस्तिकेवरून नक्की करा, गाडीच्या नावावरून नव्हे. दुसरी, दिवा विझलेला आहे याचा अर्थ पट्टा बदललेला आहे असा होत नाही. दिवा नुसता रीसेटही करता येतो आणि जुन्या बाजारात मीटरचे किलोमीटर मागे गेलेले असू शकतात. किट बसवल्याचं बिल, त्यावरची तारीख आणि किलोमीटर मागा. तिसरी, बिल मिळालं नाही तर बदललाच नाही असं समजा आणि गाडी लांब नेण्याआधी किट बसवून घ्या.

२०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ आहे. जिल्ह्यातली प्रत्येक चालती सात-आठ सीटर तेव्हा रस्त्यावर असेल आणि गॅरेजमध्ये जागा मिळणार नाही. तुमच्या गाडीचा पट्टा कधी बदलला हे आज सांगता येत नसेल, तर मिस्त्रीला फोन करण्याची वेळ आताच आहे.